रांगेतला तुझा नंबर

शशी,

काल टोरोंटोहून फोन आला. रोहनने आधी तिथली थंडी सांगितली, मग शाळा, आणि मग एकदम विचारलं, "आजी, शशीकाका गेला ना, तो खरं म्हणजे काका होता की मावशी? आई म्हणते, आजीला विचार." अवघड प्रश्न समुद्रापार माझ्याकडे पाठवायची माझ्या लेकीची जुनी सवय आहे. मी म्हटलं, काका. पण याच्या पुढचं फोनवर सांगण्यासारखं नाही, लिहून कळवते. मागून त्याची बहीण अनघा ओरडली, "मराठीतच लिही हं, मला वाचता येतं."

लिहायला बसले आणि लक्षात आलं, तुझ्याबद्दल तुझ्या माघारी बोलायची मला सवयच नाही. आपण जे बोललो ते समोरासमोर, आणि बहुतेक भांडून. म्हणून हे तुलाच लिहिते आहे. मुलं वाचतील. माझं काही चुकलं की "मॅडम, थांबा, असं नव्हतं ते" म्हणत तू बोट वर करशील असं धरून चाललं, म्हणजे मजकूर आपोआप सरळ राहतो.

तुझं गाव, शिक्षण, नोकरीची वर्षं मी इथे देत नाही. ते कारखान्याच्या फलकावर लावलं होतं. त्यात नाव शशिकला होतं, त्यामुळे पॅकिंगमधल्या निम्म्या नव्या लोकांना कोण गेलं तेच कळलं नाही.

मुलांना एवढं सांगायला हवं, की ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका रंगाच्या कारखान्यात मी वर्षानुवर्षं कर्मचारी विभाग सांभाळत आले आहे. आम्ही वाशीत राहायला आलो तेव्हा मुंबईचे नातेवाईक "खाडीपलीकडे गेले" म्हणायचे, काळ्या पाण्यावर गेल्यासारखं. तू दिघ्याहून यायचास, आईबरोबर राहायचास. एके सकाळी शर्ट-पँट घालून, केस बारीक कापून माझ्या टेबलापुढे उभा राहिलास.

"मॅडम, मस्टरवर माझं नाव शशिकला आहे."

"मग?"

"ते माझं नाही."

"मग कोणाचं?"

"आईनं ठेवलं, म्हणजे आईचंच म्हणायचं. मला शशी म्हणत जा. आणि हजेरीला बायकांच्या रांगेत उभं करू नका."

मी म्हटलं, नाव बदलायचं तर कागदपत्रं लागतात. तू म्हणालास, "कागद बदला तुम्ही सावकाश. तोंडानं हाक मारायला काय लागतं?"

त्या दिवसापासून मी शशी म्हणू लागले, बाकीच्यांनाही म्हणायला लावलं. यात मनाचा मोठेपणा वगैरे काही नव्हता. माणूस ज्या हाकेला ओ देतो तीच हाक मारली, की हजेरी लवकर संपते. तुला हे माझं उत्तर फार आवडायचं. "मॅडम सुधारक नाहीत, मॅडम टाइमटेबल आहेत," असं तू कँटीनमध्ये सांगायचास. ते माझ्यापर्यंत येईल याची व्यवस्थाही तूच करायचास.

आपल्या कारखान्यात एक रीत होती, ती मुलांना माहीत असण्याचं कारण नाही. पाळी सुटली की आंघोळ केल्याशिवाय कोणी घरी जायचं नाही. रंगाची भुकटी केसांत, कानांत, नखांत बसते. पुरुषांची न्हाणी एका बाजूला, बायकांची दुसऱ्या. बायकांच्या न्हाणीत तू जात नव्हतास आणि पुरुषांच्या न्हाणीत जाऊ शकत नव्हतास. हातपाय धुऊन तू तसाच निघायचास. निळा माल चालू असला तर निळा, पिवळा असला तर पिवळा. दिघ्याच्या बस थांब्यावर रोजचे लोक विचारायचे, "काय शशीभाऊ, आज कोणता कलर?" तू म्हणायचास, "तुमच्या घराला लावायचाय का? शिल्लक आहे."

शर्टाच्या आत तू छातीवर जाड पट्टा आवळून बांधायचास. उन्हाळ्यात पॅकिंगच्या पत्र्याखाली तुला घेरी आली, तेव्हा प्रथमोपचार करणाऱ्या बाईंनी पट्टा सैल केला, तर शुद्धीवर येता येता तू आधी तो घट्ट केलास आणि मग पाणी मागितलंस. मी तिथे होते.

मग तू ते ऑपरेशनचं घेऊन आलास. मुंबईत एक सर्जन छाती सपाट करून देतो म्हणाला होता. खासगीत करणं तुझ्या आवाक्यातलं नव्हतं. तुझा प्रश्न एकच होता. विम्यात बसेल का?

कामगार विम्याची वर्गणी दर पगारातून कापली जाते. त्या बदल्यात दवाखाना, औषधं, ऑपरेशन फुकट. पण ते आवश्यक असावं लागतं. मी तुला तिथल्या तिथे सांगितलं की बसणार नाही, आणि बसू नये. हे दुसरं मी सांगितलं नसतं तर आपली दोस्ती झाली नसती असं मला वाटतं.

माझं म्हणणं साधं होतं आणि ते मी आजही मागे घेतलेलं नाही. सगळ्यांनी मिळून भरलेली पेटी सगळ्यांच्या इजेसाठी असते. आपल्याच पॅकिंगमधला घणसोलीचा बाळाराम, त्याचा हात मशीनमध्ये गेला. हातावर कातडी बसवायचं ऑपरेशन व्हायला तो कितीतरी महिने थांबला होता. सर्जन तेवढेच, टेबल तेवढंच. अशा वेळी ज्याच्याशिवाय माणूस जगू शकतो, चालू शकतो, काम करू शकतो, ते मागे ठेवावं लागतं.

"म्हणजे माझी हौस आहे," तू म्हणालास.

"हौस मी म्हटलं नाही. ऐच्छिक म्हटलं."

"शाळा शिकलेली हौस."

आपला आवाज बाहेर जात असावा, कारण दारात बाळाराम उभा होता, हाताला फडकं गुंडाळलेला. "म्याडम, माझा हात कनाला मधी आनता तुमी? मी दिलाय का तुमाला भांडाला?"

मी म्हटलं, "बाळाराम, तुझ्याच बाजूने बोलते आहे."

"बोला ना. पन माझा नंबर लागल तवा लागल. याचा नंबर तरी लावा. रांगंतून भायेर काढून मंग मागं ऱ्हा बोलता. रांगंत असंल तो मागं ऱ्हाईल ना?"

तू टाळी वाजवलीस. मी दोघांनाही कामावर पाठवलं.

त्यानंतर सुपरवायझरची जागा रिकामी झाली आणि साहेबांनी तुझं नाव सुचवलं. तू नाही म्हणालास. सगळ्यांनी तुला खुळ्यात काढलं. कारण फक्त मला ठाऊक होतं. ठरावीक पगाराच्या वर गेलेला माणूस विम्याच्या बाहेर पडतो. बढती घेतली असती तर तुझा अर्जच उरला नसता. मी तुला घरी बोलावलं, चहा केला आणि हिशोबी माणसासारखं समजावलं. बढती घे, बचत कर, काही वर्षांत खासगीत करून टाक. कोणाच्या हातापाया पडायला नको.

तू बशीत चहा ओतून म्हणालास, "मॅडम, वर्गणी कापताना माझं शरीर चालतं. कापू नका, ही बाई आहे का पुरुष ते आधी ठरवा, असं कोणी म्हणत नाही. मग द्यायच्या वेळीच प्रश्न कसा पडतो?"

"प्रश्न शरीराचा नाही. गरजेचा आहे."

"गरज कुणाची, ते कोण ठरवणार? ज्याला नाही तो?"

आमचे हे आतल्या खोलीतून म्हणाले, "अगं, त्याला बिस्किटं तरी दे, मग हरव." त्या दिवशी कोणीच हरलं नाही. बढती दुसऱ्याला गेली.

त्याच वर्षी मे महिन्यात रोहन आणि अनघा सुट्टीला आले होते. तू रविवारी यायचास. दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारायला त्यांना तूच शिकवलंस, आणि आमच्या शांत सोसायटीचा त्या महिन्यात पार बाजार झाला. मुलांनी तुला काका म्हटलं ते कोणी न सांगता. तू कधी त्याचा उल्लेख केला नाहीस. पण पुढच्या रविवारी पुन्हा आलास, आणि त्याच्या पुढच्याही.

अर्ज मी लिहिला, इंग्रजीत. तुला ठाऊक होतं की मला ते पटलेलं नाही, आणि मला ठाऊक होतं की तुला ठाऊक आहे. तरी तू दुसऱ्या कोणाकडे गेला नाहीस. मी लिहिलं की अर्जदाराला असह्य यातना होतात. तू म्हणालास, "असह्य खोडा. मी सहन करतोच आहे. रोज कामावर येतो." मी खोडलं. त्या अर्जातलं एकही वाक्य फुगवलेलं नव्हतं. माझ्या आयुष्यात मी लिहिलेल्या चांगल्या मसुद्यांपैकी तो एक होता, हे मी तुला कधी सांगितलं नाही, कारण तू ते कँटीनमध्ये सांगितलं असतंस.

विम्याच्या दवाखान्यातले डॉक्टर भले होते. त्यांनी दार लावून घेतलं आणि माझ्यासमोरच तुला वाट दाखवली. छातीत गाठ आहे असं लिहितो. गाठ म्हटलं की सगळं बसतं. सर्जन काढायचं ते काढेल, कोणी विचारणार नाही. मला वाटलं, झालं एकदाचं. तू म्हणालास, "गाठ नाहीये, डॉक्टर."

"अरे, मला माहीत आहे नाही ते."

"मग लिहू नका. उद्या माझ्यासारखा दुसरा येईल, त्यालापण गाठ घेऊन यायला सांगाल. मी आजारी नाही. मला जे पाहिजे ते माझ्या नावानं पाहिजे."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. खोटं लिहा असं सांगणं माझ्या हातून झालं नसतं.

अर्ज तसाच मेडिकल बोर्डाकडे गेला, आणि तिथे मी तुझ्याबरोबर आले. तिघे डॉक्टर. मधल्यांनी विचारलं, "हे ऑपरेशन झालं नाही तर जिवाला धोका आहे?"

"नाही."

"कामात अडथळा?"

तू सांगितलंस. घेरी, पट्टा, न्हाणी, अंगावर राहणारा रंग.

"मग पट्टा बांधू नका."

"साहेब, तुम्ही उद्या पँट न घालता दवाखान्यात या. उकाडा कमी होईल."

डावीकडचे डॉक्टर हसले. मधले हसले नाहीत. ते माझ्याकडे वळले. "मॅडम, तुम्ही शिकलेल्या आहात. तुमचं स्वतःचं मत काय?"

मी म्हटलं, "मी अर्जदाराची बाजू मांडायला आले आहे. माझं मत मागू नका."

एवढ्यावर त्यांना माझं मत कळलं. निर्णय वरच्या कार्यालयाकडे पाठवतो म्हणाले.

बाहेर पायरीवर तू रुमालाने मान पुसत बसलास. मग म्हणालास, "एक हो म्हटलं असतंत तर काय बिघडलं असतं?"

"खोटं झालं असतं."

"हं." रुमालाची घडी घालत, "मी गाठ नाही म्हटलं, तुम्ही हो नाही म्हटलं. दोघांचं डोकं एकाच कारखान्यात बनवलंय बहुतेक. चला, उसाचा रस पाजा."

वरच्या कार्यालयाचं उत्तर आलं नाही. मी दोनदा स्मरणपत्रं पाठवली. तू विचारायचं सोडून दिलंस, पण पुढच्या वेळी बढती पुन्हा नाकारलीस, त्यावरून मी समजले.

यंदा पावसाळ्यानंतर पिवळ्या मालाची मोठी ऑर्डर होती. पॅकिंगमधले सगळे पिवळे झाले होते, पण न्हाणीतून बाहेर पडताना ते माणसात येत. तू तसाच पिवळा घरी जायचास. जेवत नाहीस, दमतोस, हे बाळारामच्या लक्षात आलं. डोळे पिवळे दिसतात असंही कोणी तरी म्हणालं. तू म्हणालास, भुकटी गेली असेल. आणि आम्ही सगळ्यांनी तेच मानलं, कारण त्या खात्यात पिवळं असणं ही काही खूण नव्हती. माल बदलून लाल सुरू झाला तरी तू पिवळाच राहिलास, तेव्हा बाळारामने तुला ओढत दवाखान्यात नेलं. कावीळ बरीच पुढे गेली होती.

यावर मला काही शेरा मारायचा नाही. जे घडलं ते या क्रमाने घडलं, एवढंच मुलांना कळावं.

विम्याच्या रुग्णालयात लगेच खाट मिळाली. सलाइन, औषधं, तपासण्या, कशाचीच उणीव नव्हती. कार्डावर शशिकला होतं म्हणून खाट बायकांच्या वॉर्डात. शेजारच्या बाईंनी सिस्टरला हाक मारली, "ओ सिस्टर, इथं पुरुष कसा काय ठेवला?" तू डोळे न उघडता म्हणालास, "मावशी, मीपण तेच विचारतोय." दुसऱ्या दिवशी मी आले तेव्हा त्याच मावशी तुला मोसंबं सोलून देत होत्या आणि तू त्यांच्या सुनेबद्दल सल्ला देत होतास.

त्या भेटीत तू म्हणालास, "बघा मॅडम, या काविळीला कोणी विचारलं नाही, तू ऐच्छिक आहेस का म्हणून."

"कावीळ जीव घेते, शशी."

"पट्ट्याखालचं ते पण घेतं. सावकाश घेतं, म्हणून बोर्डाला दिसत नाही."

मला उत्तर द्यायचं होतं. म्हणायचं होतं, की बाळाराम दारात उभा राहून बोलला ते मी तेव्हा झटकलं, पण बरोबर तोच होता. तू बाळारामच्या हाताच्या पुढे असावास असं मी आजही म्हणणार नाही. मागे असावास. पण रांगेत असावास, आणि तुझा नंबर येईल तेव्हा कोणी तुला गाठ मागू नये. हे मला नीट, क्रमाने, तुला मधे बोलू देऊन सांगायचं होतं. पण तुला धाप लागत होती, म्हणून मी म्हटलं, "बोलू नकोस, पडून राहा. बाकीचं पुढच्या वेळी." तू हसून म्हणालास, "मॅडम पहिल्यांदाच तहकूब करतायत." पुढची वेळ आली नाही.

शोक करायची माझी पद्धत मुलांना माहीत आहे. मी कपाटं आवरते. यावेळी मी तुझ्या नावाने पडून असलेल्या गोष्टी आवरायला घेतल्या. त्यात एक होती. विमा असलेला कामगार गेला, की अंत्यविधीच्या खर्चासाठी विमा काही रक्कम देतो. त्यासाठी बोर्ड बसत नाही. मृत्यू आवश्यक होता की ऐच्छिक, असं कोणी विचारत नाही. घरच्यांची सही लागते, बस.

तुझ्या पुण्यानुमोदनाचा, श्रद्धांजलीचा, कार्यक्रम झाल्यावर मी दिघ्याला गेले. पाहुणे पांगले होते. तुझी आई भिंतीला टेकून बसली होती. मी कागद पुढे केला.

"ह्ये कशाचं, बाई?"

"शशीच्या विम्याचं. अंत्यविधीचा खर्च मिळतो."

"मागितला कुनी?"

"मागावा लागत नाही. नियमच आहे."

तिने कागद माझ्याकडे सरकवला. "माझं लेकरू जित्तं हुतं तवा बोर्डापुढं हुबं ऱ्हाऊन मागत हुतं. तवा दिलं न्हाई. आता मेल्यावर न मागता देत्यात व्हय? न्या माघारी. मला नगं त्येंची भीक."

भीक हा शब्द मला लागला. मी सरळ बसले आणि तिला समजावू लागले, जसं मी नव्या कामगारांना वर्षानुवर्षं समजावत आले. "आई, ही भीक नाही. दानही नाही. शशीच्या दर पगारातून हे कापलेलं आहे, इतर सगळ्यांचं कापतात तेवढंच. कापताना त्याला कोणी वेगळं धरलं नाही, मग देताना का धरावं? हा त्याचा हक्क आहे. कोणाची मर्जी नाही."

तुझी आई भिंतीपासून पुढे सरकली. मग म्हणाली, "ह्येच तर त्यो म्हनत हुता की वो, बाई. तुमच्या घरून आला की दर येळी ह्येच. तवा तुमी काय म्हनला हुता त्येला?"

मी तिला खरं तेच सांगितलं. विम्यात बसू नये असं म्हणाले होते, असं सांगितलं. तिने मान हलवली, चहा ठेवायला उठली, आणि सही मात्र केली नाही.

कागद माझ्याकडेच आहे. पुढच्या आठवड्यात मी पुन्हा दिघ्याला जाणार आहे. तुझी बाजू आता मला मांडायची आहे, शशी, आणि ती बाई तुझ्यापेक्षा हट्टी आहे.